ह्यांचा सत्कार

१७ नोव्हेंबर १९५७
सकाळी ह्यांनी चुलीवरचा पेजेचा टोप नुसत्या हातांनी उतरवला. मी ओरडले, "अहो, फडकं!" हे शाळेच्या विचारात. टोप ठेवला, पाट ओढला, जेवायला बसले. थोड्या वेळाने बघते तर दोन बोटांवर टरारून फोड.
"दुखत नाही?"
"नाही."
 ह्यांच्या दंडावरचा पांढुरका डाग शिमग्यापासून आहे. मी गजकर्ण समजून लिंबू चोळत होते. कुंदा बाबांच्या बोटांवर फुंकर घालत बसली.

२१ नोव्हें.
मालवणला डॉक्टरांकडे. मला बाहेर थांबा म्हणाले, मी थांबले नाही. ह्यांना डोळे मिटायला लावले आणि दंडावर टाचणी टोचत गेले. "टोचलं की सांगा." टाचणी जात होती, रक्ताचा ठिपका येत होता, आणि हे शहाण्या मुलासारखे डोळे मिटून वाट बघत होते.
डॉक्टर म्हणाले, महारोग. लोक समजतात तसा पटकन लागत नाही. नव्या गोळ्या निघाल्यात, बरा होतो. पण घाटावरच्या दवाखान्यात राहावं लागेल, वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा.
येताना तरीच्या होडीत हे टोकाच्या फळीवर एकटे बसले. मी जवळ सरकले तर म्हणाले, "तिथेच बस."

२२ नोव्हें.
भांडण. मी म्हटलं, कोणाला सांगू नका. पोटाचं दुखणं सांगू, रजा काढा, जा. ह्यांचं एकच, "मुलं लोकांची आहेत. त्यांच्या पाट्या मी हातात घेतो."
"आणि कुंदा कोणाची?"

मी लग्न होऊन आले तेव्हा शाळा देवळाच्या पडवीत भरायची. हे दारोदार फिरून पोरं गोळा करायचे. मलाही ह्यांनीच लिहितं केलं, नाहीतर ही वही कुठली.
कुंदा मांडीवर बसायला गेली तर हे उठून परसात गेले. ती माझ्याकडे बघत राहिली.

२३ नोव्हें.
हे आबांकडे जाऊन सांगून आले. आबा खोत शाळा कमिटीचे अध्यक्ष. चाळिशीला आल्यावर ह्यांच्याकडून अक्षरं शिकले, आमच्याच ओसरीवर. आबा रडले म्हणे. "गुरुजींनू, माका सही करूक तुमी शिकयलात. गाव तुमका सोडूचो नाय."
हे हलके होऊन आले. पोटभर जेवले. मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

२७ नोव्हें.
शाळेत आज चारच मुलं. ती पण दुपारनंतर नाहीत.
विहिरीवर शेजारची जानकीवैनी म्हणाली, "मास्तरणीबाय, तू जरा मागसून ये पाण्याक. राग मानू नको हां." कुंदाच्या जन्माच्या वेळी हिनेच माझं सगळं केलं. कळशी काखेत धरून सगळ्या जाईपर्यंत उभी राहिले.

१ डिसेंबर
आबा आले. अंगणातच उभे. पायरी चढले नाहीत, चहा नको म्हणाले.
"गावान ठरयलां, गुरुजींचो सत्कार करूचो. शाल, नारळ, मानपत्र. अशी सेवा कोणी केल्यानी?"
हे म्हणाले, "आबा, मला निवृत्तीला अजून अवकाश आहे. बदलीही झालेली नाही."
आबा तुळशीकडे बघत. "मानान जावचां बरां, गुरुजींनू." मग जाता जाता, "आमचां काय नाय. बायलमाणसां भियतत."
मी दाराआड. गेल्यावर म्हटलं, जाऊ नका त्या सत्काराला. गुपचूप निघा. हे म्हणाले, "मुलं एकत्र भेटतील. मला जायचंय."

५ डिसें.
मुलं स्वागताचं गाणं बसवतायत, देवळापुढे. शाळेत नव्हे. आवाज घरात येतो. कुंदाला घेतलं नाही. ती हमसून रडली, "बाबांचां गाणां, मग माका कित्याक नाय?" ह्यांनी लांबूनच समजूत घातली, "ऐकायलाही कुणी हवं ना?"

८ डिसें.
झाला.
शाळेच्या पडवीत एका टोकाला ह्यांची खुर्ची, बाकी सगळा गाव दुसऱ्या टोकाला. मध्ये मोकळी शेणाने सारवलेली जमीन. टेबलावर हार ठेवलेला. आबा म्हणाले, "घालून घेवा, गुरुजींनू." ह्यांनी स्वतःच्या हातांनी हार उचलून स्वतःच्या गळ्यात घातला. शाल पण तशीच.
मग भाषणं. एकेक उठत होता. गुरुजींनी माझ्या झिलाला शिकवून मुंबईत नोकरीला चिकटण्याजोगा केला. गुरुजींनी आमच्या आयशीची पत्रं वाचून दाखवली. साथीच्या वेळी गुरुजी घरोघर औषध घेऊन फिरले. खोटं कोणीच बोललं नाही. बोलता बोलता रडले पण. त्याचाच मला जास्त संताप आला.
माझी ओटी भरायची होती. बायकांनी सूप जमिनीवर ठेवलं, तांदूळ-नारळ त्यात टाकून मागे सरल्या. जानकीवैनी म्हणाली, "उचल गो." उचललं.
मुलांनी रांगेत उभं राहून लांबून नमस्कार केले. दुसरीतली सुलू सवयीने धावत गेली आणि तिने ह्यांच्या पायांना हात लावला. तिची आई किंचाळली, "शिवू नको गो!" आणि दंडाला धरून फरफटत नेलं. लगेच रहाटाचा आवाज आला. पोरीला विहिरीवर आंघोळ घालत होती, थंडीत.
हे बोलायला उभे राहिले. वाटलं, आता तरी चिडतील. थोडंच बोलले. "मी बरा होईन. डॉक्टरांनी तसं सांगितलं आहे. मला हार-शाल नको होती. तुम्हाला काही द्यायचंच असेल तर एक द्या. माझी कुंदा तिसरीत आहे. तिला काहीही झालेलं नाही. तिला या शाळेतून काढू नका. आबा, हो म्हणा."
 आबांचं तोंड उघडलं, मिटलं.
मग मागून कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. मग सगळेच. टाळ्या थांबेनात. हे उत्तरासाठी तसेच उभे होते.

९ डिसें.
हे पहाटे गेले. घाटाच्या पायथ्याच्या फोंड्यापर्यंत काजूच्या लॉरीत मागे पोत्यांवर, पुढे घाटावर. कुंदाला जवळ घेतलं नाही. तिनेही हट्ट केला नाही, तेच बघवेना. शाल नको म्हणत होते. वर थंडी असते म्हणून मी बोचक्यात कोंबली.
घरात चूल पेटवली नाही.

१५ डिसें.
नवीन मास्तर आलेत, देशावरचे, वयाने लहान. आबांकडे उतरलेत. उद्यापासून शाळा.
आबांकडे गेले, अंगणात उभी राहिले. "कुंदाचां काय?" आबा म्हणाले, "बघूया." मी म्हटलं, "तुमी हो म्हटल्याशिवाय मी जावचंय नाय." आबा घरात गेले, दार लावून घेतलं. दिवे लागेपर्यंत उभी होते.

१६ डिसें.
कुंदाची वेणी घातली आणि घेऊन गेले. रस्त्यात बायका दारात.  नवीन मास्तरांनी नाव विचारलं. कुंदाने बापाच्या नावासकट खणखणीत सांगितलं. ते म्हणाले, "बस."
ती बसली. शेजारची मुलं उठून उभी राहिली.
मी वडाखाली थांबले. तास झाला नसेल, पहिली आई आली, पोर घेऊन गेली. मग दुसरी. सुलूची आई. जानकीवैनी नातवाला घेऊन माझ्यासमोरून गेली, मान खाली.
मास्तर दारात येऊन जाणाऱ्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मला वाटलं आता बोलावणार, मुलीला घेऊन जा म्हणणार. ते आत गेले. थोड्या वेळाने कविता ऐकू आली. मास्तर ओळ सांगत होते, मागून एकट्या कुंदाचा आवाज.
आता ती दप्तर उशाशी घेऊन पडली आहे. उद्याचं विचारते, "आये, फाल्यां जावचां मां शाळेत?"
मी म्हटलं, नीज.