मोहनाची मेथी

१५ जानेवारी १९९९

काल उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. सगळी सोसायटी पतंग उडवायला गच्चीवर. उंधियो मी केला, पहाटेपासून कंबर मोडेस्तोवर. आणि आमचे हे सगळ्यांदेखत काय म्हणाले? "यातल्या पापडीच्या शेंगा मोहनावहिनींच्या घरच्या आहेत हं!" झालं! खालच्या पटेलबेन लगेच, "मोहनाबेननी पापडी तो बहु सरस!" मसाला कुणाचा, हात कुणाचा, एकानेही विचारलं नाही. आणि ही मोहना, आमच्या समोरच्या ब्लॉकमधली, आपली हसत उभी. अंगाची नुसती लाही झाली.

१८ जानेवारी

दिवाळीनंतर मोहनाबाईंना एकाएकी शेतीचं वेड लागलं. तेलाचे रिकामे डबे, सिमेंटची पोती, फुटकी बादली — गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. खर्च शून्य म्हणे! मेथी मसाल्याच्या डब्यातली, धणे चपलेखाली रगडून पेरलेले, टोमॅटो एका सडक्या टोमॅटोतून. खत म्हणजे चहाचा चोथा. आणि तरी उगवतं!

मीही आठ कुंड्या आणल्या. माती विकत, खत विकत. दुकानदार म्हणाला चिमूटभर घाला; मी मूठभर घातलं, लवकर यावं म्हणून. हे रोज तिचं कौतुक करतात. एकदा माझंही करावं, दुसरं काही नको मला.

२१ जानेवारी

माझी मेथी करपली. सगळी.

२५ जानेवारी

मोहनाची इरा रोज जेवणाच्या वेळेला दारात. "काकू, आईने भाजी दिलीय." आज पालक. तेलाचा थेंब नाही (हेही एक नवीन फॅड!), तरी हे माझी आमटी बाजूला सारून आधी ती वाटी ओढतात.

शेजारची वाटी आपल्यात रिकामी परत करत नाहीत. दोन महिने मी कधी तांदूळ, कधी तूरडाळ, कधी पोहे भरभरून देत आले. आज चिमूटभर साखर घातली, बस्स. रीतीला रीत झाली. कळू दे जरा!

इराने ती साखर आमच्या दारातच बोटाने चाटून संपवली. वळण म्हणून नाही पोरीला!

२ फेब्रुवारी

आता वाटी जाऊन पातेलं आलं! पातेलंभर वांग्याची भाजी. किती तो तोरा! मीही त्यात चिमूटभरच साखर टाकली. तळाला दिसतसुद्धा नव्हती.

संध्याकाळी मोहना स्वतः आली. "नीराताई, माझं काही चुकलं का हो?"

"छे गं, तुझं काय चुकणार!" म्हटलं आणि दार लावून घेतलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं!

५ फेब्रुवारी

पुन्हा पातेलं. पुन्हा साखर.

९ फेब्रुवारी

तिचा नवरा, सलील, रोज आठला डबा घेऊन वाघोडियाला कंपनीत जातो. आज मुद्दाम जिन्यात गाठलं. "काय भावजी, डब्यातही शेतातलंच ना?" कानापर्यंत लाल झाला. "हो वहिनी, शेतातलंच." मिरवतात नुसते! नवरा-बायको दोघंही!

आजची भाजी मी गाईला घातली. हे जेवताना म्हणाले, "मोहनावहिनींकडून काही आलं नाही वाटतं?" म्हटलं, नाही. चेहरा पडला यांचा. माझ्या हातच्या भरल्या भेंडीला मात्र चांगली की वाईट, एक शब्द नाही. जळते मी, कबूल! जळू नको तर काय करू?

११ फेब्रुवारी

आज इरा आली नाही. सुटले!

१२ फेब्रुवारी

हे ऑफिसच्या कामाने दुपारी कमाटीबागेपाशी गेले होते. आत बाकावर सलील एकटा, डबा उघडून. डब्यात नुसती मेथी, पोळी नाही. कंपनी दिवाळीतच बंद पडली. सोसायटीत कळू नये म्हणून रोज घरून निघतो आणि बागेत बसून राहतो. यांचा हात धरून म्हणाला, "नीरावहिनींना सांगा, त्यांच्या वाटीतल्या डाळ-तांदळावर दोन महिने इरा जेवली. मोहना कधी मागणार नाही, पण त्यांनी न मागता ओळखलं."

घरी येऊन हे सरळ स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "मला एका शब्दाने बोलली नाहीस! केवढं मोठं मन गं तुझं, नीरा."

यांना खरं सांगायचा धीर झाला नाही. समोरचं दार वाजवायचाही नाही.