पहाटेची कळ

९ जाने.
पहाटे पुन्हा छातीत आवळलं. कळ डाव्या हातापर्यंत. घामानं पोलकं ओलं. उजाडल्यावर काहीच नाही. चिखलीच्या बाजारात वांग्याचं टोपलं वाहिलं तेव्हाही नाही. सासूबाई म्हणे, "दिवसभर वावरात राबते, अन् झोपीतच काऊन दुखते व? ढोंग हाये." हे बैल घेऊन वावरात गेले.

१७ जाने.
अकोल्याचा दवाखाना. इथं ठेवून घेतलं. पहाटे कळ आली अन् नर्सबाईनं लगेच छातीला वायरी लावून हृदयाची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्या हृदयाची रक्तवाहिनी आपोआप आवळते. तिच्या भिंतीत स्नायू असतो. त्यात कॅल्शियम शिरलं की तो आकसतो, रक्त अडतं. नवं औषध आलंय, ते कॅल्शियमची वाट अडवतं. वाहिनी सैल राहते." मुंबईहून मागवणार.
खूप रडले. ढोंग नव्हतं.

१९ जाने.
घरी सोडलं. कॅल्शियम म्हणजे चुना, हे कोणीतरी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या पानातला चुना बंद केला. तो वेगळा, हा वेगळा, सांगून दमले.

२ फेब्रु.
मुंबईची कॅप्सूल सुरू. तोंड तापते, डोकं ठणकते. पण जाग आली ती चिमण्यांनी. कळ नाही!

२० फेब्रु.
पाय सुजले. जोडवी रुतत होती, काढली. त्यावरून घरभर बोंब. सासूबाई ओरडल्या, "नवऱ्याच्या जीवावर उठली!" हे म्हणाले, "पायाले पानी चढलं. माहे काका असेच गेले. बंद कर ते औषध." कॅप्सूलची बाटली खिशात घालून गेले. मी मागितली नाही. का नाही मागितली...

२७ फेब्रु.
पुन्हा अकोला. औषध सुटलं अन् कळ आली ती थांबलीच नाही. ह्यांनी जीपमध्ये घालून आणलं. डॉक्टर ह्यांच्यावर ओरडले, "त्या औषधानं पायाच्या वाहिन्याही सैल होतात, म्हणून सूज. एकदम बंद करायचं नसतं. मला विचारायचं होतं!" हृदयाचा काही भाग मेला म्हणे. तो परत येत नाही.
हे भिंतीकडे तोंड करून, "मले काय माहीत होतं."

१४ मार्च
घरी. कॅप्सूल पुन्हा सुरू. न्हाणीपर्यंत गेलं तरी दम लागते. वावराचं नावच नको. सासूबाई पाय चेपायला बसल्या. बोट दाबलं तिथं खड्डा पडला. तो भरेपर्यंत पाहत राह्यल्या.
आज ह्यांना विचारलं, "आता पुढं कसं, डॉक्टर काय म्हणाले?"
"काही नाही म्हणाले."
दवाखान्यात माझ्यासमोरच तर डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बोलावलं होतं. बराच वेळ बोलत उभे होते दोघं. मी पुन्हा विचारलं नाही.