तुमच्या नावावर गेलेली काईल

आण्णा, आज तुम्ही असता तर मिशीतल्या मिशीत हसला असता. मुरगूडच्या एका गुऱ्हाळवाल्यानं मला गाडी पाठवून बोलावलं. नेपाळची, त्यातनं बाई, आणि गूळ कधी उतरवायचा ते हिनं सांगायचं! पण सांगितलं की. ढेपा अशा बसल्यात, वाजवून घ्या.

तुमची देखभाल करायला आले तेव्हा मी अठराची. माझे वडील मार्केट यार्डात वॉचमन, मला मराठी ओ का ठो येत नव्हतं. लकव्यानं तुमचा उजवा हात गेलेला. गूळ करण्यात पंचक्रोशीत नावाजलेला गुळव्या खाटेवर पडून सगळ्यांच्या नावानं शंख करत होता. मी भरवलेला घास थुंकायचात. तिसऱ्या दिवशी मीही ताट उचललं आणि नेपाळीत चार शिव्या हासडल्या. कळलं काहीच नाही, पण तुम्ही हसलात. तिथनं आपलं जमलं.

हंगाम आला की तुम्हाला खुर्चीसकट गुऱ्हाळावर न्यायचं काम माझं. काईलीत, त्या भल्या मोठ्या कढईत, उकळणाऱ्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून मी गोळी वळायची, तुमच्या डाव्या तळहातावर ठेवायची. तुम्ही ती चिमटीत दाबून सांगायचा, कच्ची हाय का उतरवायची. दोन हंगामांत माझ्याच बोटांना कळायला लागलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

त्या दिवशी गोळी तुम्हाला न देताच मी 'उतरवा' म्हणाले. गड्यांना वाटलं तुमचाच हुकूम. काईल उतरवून मोकळे. गूळ बसलाच नाही, नुसता चिकटा. ऊसवाला पेटला. तुमचा थोरला मला म्हणाला, उद्यापासनं येऊ नको. तेवढ्यात तुम्ही काठी आपटलीत.

"तिला कशाला बोलतोस? मी सांगितलं उतरव म्हणून. चूक माझी हाय."

जन्मात एक काईल न बिघडवलेला माणूस! गावभर झालं, म्हातारा गेला कामातनं. परत तुम्हाला कुणी बोलावलं नाही. माझं काम मात्र राहिलं. घरी आल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "घाईत माझा हात दिसला न्हाय तुला, व्हय?" मी 'व्हय' म्हणून मान हलवली. मग म्हणालात, बोटांना कळलं तरी दुसऱ्याला इचारावं, पोरी.

अजून मी प्रत्येक गोळी शेजारच्या गड्याच्या तळहातावर ठेवते. नवखा असला तरी ठेवते. लोक म्हणतात, बाईची रीतच आहे ती. तुमची रीत आहे, हे मी छाती काढून सांगते.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? घडी घालून गुळाच्या डब्याखाली ठेवते. त्या दिवशी तुमचा हात पुढं आलेला मला दिसला होता, आण्णा.