चार तासांची कॉपी पंचवीस मिनिटांत

३ मार्च, रविवार, सकाळी ९.४०
ताई तिच्या शाळेतली जुनी हार्ड डिस्क देऊन गेली. शाळा कर्णबधिर मुलांची. डिस्कमध्ये अकरा वर्षांचे व्हिडिओ, प्रत्येक मुलाचा पहिला शब्द. दुसरी प्रत नाही. पुढच्या रविवारी पालकांना दाखवायचेत. डिस्क टकटक करते म्हणाली. म्हटलं, माझ्यावर सोड.

सकाळी ११.००
कॉपी लावली. चार तास दाखवतोय! प्रोसेसर ९६ टक्के. लगेच ओळखलं: पीआयओ मोड. म्हणजे एकेक बाइट प्रोसेसर स्वतः उचलतोय, साहेबानेच फायली डोक्यावर वाहाव्यात तसं. डीएमए मोड लागला की डिस्क परस्पर मेमरीत माल टाकते, प्रोसेसर मोकळा. पंचवीस मिनिटांत खेळ खलास. कॉपी थांबवली. उतरल्या होत्या तेवढ्या फायली डिलीट. सुरुवात कशी नीट हवी. बायको म्हणाली, चार तास लागले तर तुम्हाला कुठे जायचंय? तिला ओव्हरहेड, म्हणजे प्रोसेसरवरचा फुकटचा भार, कळत नाही.

४ मार्च, संध्या. ६.३०
ऑफिसातून लवकर सटकलो. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. (नंतर दुखलंही.) केबल बदलली. वेग तोच. टेस्टसाठी एका मुलीचा व्हिडिओ घेतला. तिचा पहिला शब्द 'नको'. तिची आई त्या दिवशी कामावर होती, अजून तिने तो पाहिलेला नाही, असं ताई सांगत होती. पाच वेळा कॉपी, पाच वेळा डिलीट.

६ मार्च, दुपारी १.१५
ताईचा फोन. किती झालं? साठ टक्के, म्हणालो. अगदीच खोटं नाही, माझा अभ्यास साठ टक्के झालाय. ती म्हणाली, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. हे बोलायची काय गरज होती? डबा तसाच परत नेला.
संकल्प: आज डीएमए नाही लागला तर मुकाट्याने चार तासांची कॉपी लावणे.

७ मार्च, सकाळी ८.००
लावली नाही. वेगाचा तक्ता करण्यात संध्याकाळ गेली. तक्ता रंगीत आहे. छान झालाय.
आपण चुकतोय का? छे. पण ताईचा फोन उचलला नाही.

८ मार्च, संध्या. ७.०५
लागला!! ड्रायव्हर काढून रीस्टार्ट केलं. सेकंदाला ३१ एमबी. प्रोसेसर फक्त चार टक्के! स्क्रीनचा फोटो काढून बायकोला दाखवला. तिने विचारलं, आणि व्हिडिओ? म्हटलं, उद्या. आज माझं मशीन डीफ्रॅग करून घेतो, विखुरलेल्या फायली सरकवून एकत्र लावतो, सलग जागा हवी.

९ मार्च, सकाळी १०.२०
कॉपी लावली. अकरा सेकंद झकास. मग खर्र. टकटक बंद. डिस्क दिसत नाही.

१०.५०
दिसत नाही.

दुपारी १२.३०
दुरुस्तीवाल्याकडे. त्याने डिस्क कानाला लावली, मग हळूच खाली ठेवली. म्हणाला, वाचताना चुका व्हायला लागल्या की मशीन आपणहून खालच्या मोडला, पीआयओला, येतं. डिस्क दमल्याची खूण असते ती. आहे त्या वेगाने गपचूप उतरवून घ्यायचं. पहिल्या दिवशी चार तास दिले असते तर... भला माणूस, विषय बदलला. टेस्टच्या कॉप्या तरी असतील, डिलीट केलेल्याही कधी कधी परत मिळतात, म्हणाला. मी सांगितलं, डीफ्रॅग केलंय, त्या जागेवर दुसऱ्या फायली येऊन बसल्यात. त्याने माझ्यासाठी चहा मागवला.

संध्या. ५.४५
शाळेत जाऊन ताईला सांगितलं, डिस्क गेली. तेवढंच सांगितलं. ती वर्गातल्या बाकावर बसली. मग म्हणाली, तुझा चेहरा किती उतरलाय, जेवलास का? सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं, आणि जेवलो म्हणालो. लाज वाटते.

१० मार्च, रविवार, दुपारी १.००
पालक जमले. ताईने हातांच्या खुणांनी आणि बोलून सांगितलं की व्हिडिओ दाखवता येणार नाहीत. आणि ते वाचवण्यासाठी माझ्या भावाने आठवडाभर जिवाचं रान केलं. मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले, त्यांची टाळी तशी असते. सगळ्या सभागृहात हात. शेजारी बायकोने मान खाली घातली. मग 'नको'वाल्या मुलीची आई उठून माझ्यापाशी आली, डोळे पुसले आणि म्हणाली, तुमचे उपकार कसे फेडू?
म्हणालो, त्यात काय, माझं कर्तव्यच होतं.