बॉनेटखालचा गुलाल

प्रिय राजवीर,

तू पुण्याहून पाठवलेला एअर फिल्टर काल गाडीतून काढला. रागावू नकोस, आधी ऐक.

बाबालालचाचांनी इथल्या मंगळवार पेठेतल्या गॅरेजात तो बसवतानाच सांगितलं होतं, "वैनी, ह्याला डबा न्हाय. उघड्यावर ऱ्हाणार, धूळ खाणार. आवाज मातूर झकास येईल." त्यांनी दुसराही दाखवला, मूळच्या काळ्या डब्यातच बसणारा. मला तोच पटत होता. पण तू एवढ्या हौसेनं निवडलास, म्हणून तुझा तो लाल शंकूच बसवून घेतला.

तुझे बाबा खूश झाले. डायलिसिस सुरू झाल्यापासून ते कशानंच खूश होत नाहीत, म्हणून गाडी जोतिबाला नेऊया म्हणाले तेव्हा मला नाही म्हणवेना. नवी वस्तू देवाला दाखवल्याशिवाय वापरायची नाही, हे त्यांचं तुला ठाऊकच आहे. डोंगरावर बयाबाईच्या नारळाच्या दुकानापुढं बॉनेट उघडलं. मी हळदकुंकू लावलं, तर बयाबाई म्हणाली, "एवढुसं? इंजनाला उपाशी ठेवतीस व्हय गं?" आणि तिनं ओंजळभर गुलाल थेट फिल्टरवर उधळला. बाबा किती दिवसांनी मोठ्यानं 'चांगभलं' म्हणाले. मीही हसले. त्यांना नवा आवाज ऐकवायचा म्हणून इंजिन चालूच ठेवलं होतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

घाट उतरल्यावर गाडी धापा टाकायला लागली आणि केर्लीच्या अलीकडं बंद पडली. भर उन्हात दीड तास. उसाच्या ट्रॉल्या धुरळा उडवत जात होत्या. फोन केल्यावर चाचा आले, त्यांनी बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. "देवाचा परसाद इंजनानंच खाल्ला की ओ!" बाबांनाही हसू आलं. मग चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, गाडी पळवायची हाय का सायबांस्नी दवाखान्यात न्यायचं हाय?" मी म्हटलं, डबा बसवा.

तुझा फिल्टर धुऊन कपाटात ठेवलाय.

दिवाळीत मी थकले म्हटलं, तेव्हा तू सीट कव्हरं पाठवलीस. संक्रांतीला म्हटलं, एकटीनं होत नाही रे, तर हा फिल्टर आला. तुझी माया मला कळते. मीच नीट सांगितलं नाही.

आता सांगते. गाडी बंद पडली तेव्हा रस्त्यात बाबांना सावलीत न्यायचं म्हणून मी उचललं आणि ते माझ्या हातून निसटले. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. राजूला कळवू नकोस, असं त्यांनी मला दोनदा बजावलंय. पण माझ्या हातांत आता तेवढं बळ उरलेलं नाही, आणि हे त्यांना सांगायचं धाडस मला होत नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसातला डायलिसिससाठी त्यांना जिना उतरवायचा आहे. तू गुरुवारी ये.

तुझीच,
आई