बाज्याला भोंगा कोणता

माघ शु. १०, मंगळवार. फसली १३२४

सगळ्यांत आधी आली ती शेजारची सरूबाई. हाताला पीठ तसंच. दारातूनच, "काकू, तुमच्यात डब्यात बाई बसून गाती म्हणं, कुठाय?" मागोमाग तिची जाऊ. मग वाणीण म्हातारी, काठी टेकत. मग ज्यांचं माझ्याशी दिवाळीपासून बोलणं न्हाई त्याबी आल्या आन् माझ्याच पाटावर बसल्या. मला काय, आनंदच. सगळ्यांना गूळ दिला, ढेप अर्धी झाली.

नातू दत्तू जालन्याहून बाजा घेऊन आलाय. तिथं कापसाच्या जिनात कारकून हाय तो. जिनाचा साहेब बदलून गेला, जाताना सामान विकलं. बाज्याचा मोठा भोंगा फुटलेला, म्हणून दत्तूला स्वस्तात पडला. आता त्याला वीतभर पत्र्याचा बारका भोंगा लावलाय. चावी फिरवायची, काळी तबकडी गरगर फिरती, तिच्यावर सुई टेकवायची. आन् बाई गाती! अगदी बारीक, डास कानाशी गुणगुणल्यागत, पण गाती. सरूबाईनं भोंग्यात डोकावून पाहिलं. मी हसून हसून पदर तोंडात धरला.

ह्ये समोरच बसलेले. पाठ ताठ, मांडीवर हात. बाई मध्यावर आली तवा दत्तूला म्हणाले, "मग? कवा सुरू करतूस?"

वाणीण हसली. मग सगळ्याच हसल्या. मी हसले न्हाई. ह्ये उठले, "मुका डबा आणलाय पोरानं" म्हणाले आन् गोठ्यात गेले.

माघ शु. ११, बुधवार

रात्री डोळा लागला न्हाई. सकाळी दूध उतू गेलं.

त्यांना कमी ऐकू येतंय हे गावाला ठाऊक हाय, फक्त त्यांना ठाऊक न्हाई. किती वर्षं मारुतीच्या देवळात भजनाला पुढं बसून झांज धरली. कुणाचा ताल अर्धा कण हलला तर डोळ्यानं दाबायचे. आता खांबाला टेकून मागं बसतात. म्हणतात, पोरं गातात कुठं, नुसती तोंडं हलवितात. मी वरडून वरडून बोलते. धाकटी सून म्हणती, आत्याबाई, तुमी दोघं रोज भांडता का काय. भांडत न्हाई बाई, भाजी काय करू इचारायलेय.

आज एकादशी. साबुदाणा न्हाई मिळाला, रताळी उकडली. रताळी यंदा लई गोड.

हां, तर दत्तूला म्हणलं, मोठा भोंगा आण. "आजी, पितळी भोंगा लई महाग." माझ्याकडं तूप विकून जमलेले हाली शिक्क्याचे अठरा रु. हायेत, पाटल्या नीट करायला ठिवलेले. पाटल्या काय, वाकड्याबी हातात बसतात. "आन् आबांना सांगू नगस, त्यांच्यासाठी हाय म्हून. पाव्हण्यांसाठी म्हणायचं." दत्तू म्हणला, "बरं."

त्यांना एकदा ऐकू आलं पायजे. बास, तेवढंच.

माघ शु. १३, शुक्रवार

दम निघंना. घरात जे जे गोल आन् पोकळ ते ते बाज्याला लावून पाहिलं. तेलाचं नरसाळं लावलं, आवाज बरा निघाला, पण नरसाळ्यातलं तेल तबकडीवर ठिबकलं. दत्तू वरडला. मग वाळका भोपळा कापून लावला. बाई विहिरीत पडून गायल्यागत! सूप धरलं, रवळी धरली. रवळीला भोकंच भोकं, तिथून काय येणार. सून म्हणली, आता माझं डोकं तेवढं राह्यलंय.

ह्ये ओट्यावरून बघत होते. "ए, काय चाललंय?"

मी म्हणलं, "काय न्हाई, भोपळा कापायलेय."

"रवळीत?"

ऐकू न्हाई आलं तरी दिसतंय मात्र सगळं.

माघ पौर्णिमा, रविवार

किल्ल्याच्या वाटेवरच्या पत्रेवाल्याकडं गेलतो, मी आन् दत्तू. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून हातभर भोंगा करून दिला. दोन रु. घेतले. लई ऐटीत आणला, वाटेत सगळ्यांना दाखविला. कोंबडं पळून गेलं.

लावला. आवाज मोठा, खरंच मोठा. पण बाई उंच सुरावर गेली की पत्रा थरथरायचा, पत्र्यावर गारा पडल्यागत खणखणाट. सरूबाई कानावर हात ठिवून म्हणली, "काकू, हिला सर्दी झाली का काय?"

आन् ह्ये आतून बाहेर आले! भुवया वर.

"कुणी भांडी घासायलंय का भर दुपारी?"

दत्तूनं कपाळाला हात लावला. मला मात्र आतून उकळी फुटली. ऐकू आलं की! गाणं न्हाई, खणखणाट, पण आलं की. म्हणजे कान अजून हाय. नुसता मोठा आवाज नको, मोठा आन् साफ पायजे. हे मी दत्तूला दहादा सांगितलं. अकराव्यांदा तो उठून गेला.

माघ व. २, मंगळवार

आज पाव्हणे. जालन्याकडचा बाजेवाला उस्मानभाई आन् त्याची बायको चांदबी. दत्तूनं गावी निघताना त्याला फुटक्या भोंग्याचं सांगून ठिवलेलं. परळीच्या शिवरातीच्या जत्रंला निघालेत, गाडीत पेट्या, तबले, भोंगे. चांदबी उतरली ती थेट चुलीपाशी. पाच मिन्टात माझ्या सांडग्यांची चौकशी, सुनंच्या बाळंतपणाची चौकशी, तिच्या सासूचं गाऱ्हाणं. लई मोकळी बाई. अशी माणसं घरात आली की घर भरून जातं.

उस्मानभाईनं फडकं सोडलं. पितळी भोंगा, धोत्र्याच्या फुलागत, कडंला पाकळ्या. इतका पिवळा की मला माझंच तोंड लांबट दिसलं. "अम्मा, सुनके तो देखो." लावला. जड किती, दत्तूनं दोरी लावून आढ्याला टांगला तवा कुठं सुई हलली.

काय आवाज! गल्ली गोळा झाली. बाईचा श्वास ऐकू आला. शेवटी ती हसती तेबी ऐकू आलं, हे आजवर कुणालाच म्हाईत नव्हतं.

ह्ये समोर. चेहरा दगडाचा. तबकडी संपली. मी वरडले, "कसं वाटलं?"

"लई चकाकतंय," म्हणाले. "किती मागतोय?"

उस्मानभाईनं बोटं दाखवली. तीस हाली. माझे उरलेत सोळा. ह्ये खिळ्याला टांगलेली झांज उतरवून पुसत बसले. आता झांज कावून पुसायची? ती वर्षभर तिथंच हाय.

उस्मानभाई म्हणला, "अम्मा, जल्दी नक्को. आमी परळीहून येताना इथूनच जाणार. तवर ठिवा, वाजवून बघा. नक्को वाटला तर घेऊन जातो." मी म्हणलं, बाबा, फुटला तर? चांदबी म्हणली, "तुमच्या घरी जाणता नातू हाय, भोंगा कोण फोडतो हो!" आन् दोन मुठी सांडगे बांधून घेऊन गेली. गाडी वळणापार जाईपर्यंत हात हलवीत होती.

माघ व. ३, बुधवार

उठते, बसते. पितळीकडं बघते. त्यांच्याकडं बघते. ऐकू आलं का? आलं तर बोलत कावून न्हाईत? न्हाई आलं तर झांज कावून पुसली? इचारलं तर चिडतील. न इचारावं तर मला करमंना. चार पावलं पाणवठ्याकडं गेले न् घागर घरीच.

दत्तू म्हणतो, "आजी, पाटल्या मोडू नगस."

म्हणलं, तुला कोण बोललं पाटल्यांचं?

"तू सकाळपासून मनगटच दाबायलीस."

माघ व. ५, शुक्रवार

सुचलं! काल दळताना सुचलं. माहेरी, धर्मापुरीला, आमी कागदाचा लगदा करून टोपल्या करायचो. कागद भिजवायचा, मेथ्या वाटून घालायच्या, डिंक घालायचा, खलबत्त्यात कुटायचं, मडक्यावर थापायचं. वाळलं की टणक, वाजवलं तर ठक्क, खणखण म्हणून न्हाई. मग पत्र्याचा भोंगा खणखणतो तर त्याला बाहेरून लगद्याचं अंगरखं घातलं तर?

जुनी पंचांगं फाडली. चालू सालचं बाजूला काढलं, न्हाईतर इथं तिथी काय लिहू. दिवसभर थापलं. हाताला मेथीचा कडू वास, जेवताना भात कडू. लई मजा आली. सून पण बसली थापायला, म्हणली, आत्याबाई, भांड्याला धिरडं लावल्यागत दिसतंय. ओट्यावर उन्हाला उभं करून ठिवलं, तोंड वर, बारीक टोक खाली दोन विटांत धरून.

माघ व. ७, रविवार

हे लिहायलाच पायजे. दुपारी शेतातून शेंगा आल्या. मी मागं होते. ह्यांनी बघितलं, म्हातारीनं नवी टोपली केलीय, वाळत घातलीय. वतल्या त्यात शेंगा! खालून भोकातून सगळ्या भुईवर. उचलल्या, परत वतल्या. परत भुईवर. तिसऱ्यांदा मग हाक मारली.

"आगं ए! बूड करायचं इसरलीस की!"

मी धावत आले, बघितलं, न् मटकन् खालीच बसले हसत. त्यांनाबी हसू आलं. ओट्यावर दोघं शेंगा वेचत बसलो. कधी हसलो होतो असं बरोबर, आठवंना. मग म्हणले, "टोपली न्हाई तर मग काय हाय?" मी म्हणलं, "पाव्हण्यांसाठी हाय." बघत राहिले माझ्याकडं. मग परत शेंगा वेचायला लागले.

लगदा एका जागी चिरला. डिंक लावला. अजून दोन दिवस ऊन लागंल. दत्तूची रजा परवा संपती.

माघ व. ८, सोमवार

वाट बघवंना. पुरतं वाळलं न्हाई तरी लावला.

दुसऱ्या कुणाला बोलावलं न्हाई. दत्तू, सून, मी. ह्ये ओट्यावर दोर वळीत होते, तोंड बाहेर. दत्तूनं चावी दिली.

पितळीएवढा मोठा न्हाई. गल्ली गोळा झाली न्हाई. पण खणखणाट गेला. बाईचा आवाज गोल झाला, चुलीपाशी बसून गायल्यागत, जवळचा. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. दोर वळणं चालूच. मग थांबलं. मग बोट. मांडीवर बोट पडायला लागलं. समेवर, बरोबर समेवर!

तबकडी संपली. मान न वळविता म्हणाले, "ती बाई अंतऱ्याला घाई करती."

दत्तूनं माझा हात धरला. मी म्हणलं, "हां, करती जरा."

"जरा कशाची. चांगली करती." आन् दोर घेऊन गोठ्यात गेले.

मग मी आत जाऊन रडले. लई छान रडले.

संध्याकाळी दत्तूनं पितळी लावून बघितला, तीच तबकडी. ह्ये जेवत होते. जेवता जेवता म्हणाले, "ह्याच्यात तबलाबी हाय की." म्हणजे पितळीत जास्त ऐकू येतंय. आता? कागदाचा बाईला बरा, पितळी तबल्याला. मला सोळात दोन्ही कसे व्हावेत. दत्तू म्हणतो, "मी उद्या चाललो, तूच ठरव. पाटल्या मोडायच्या न्हाईत, एवढं लक्षात ठिव." आन् दोन रु. चुलीमागं ठिवून गेला, मला म्हाईत न्हाई असं समजून.

माघ व. १०, बुधवार

काल दत्तू गेला. घर रिकामं. चौसाळ्यापर्यंत गाडी, पुढं कशी ते तोच जाणे.

आज सरूबाईच्या नातवाला पहिला बारका भोंगा खेळायला देते म्हणलेलं. शोधला. फडताळात न्हाई, माळ्यावर न्हाई. सुनेवर उगाच चिडले.

गोवऱ्या आणाय गोठ्यात गेले तर ह्ये बैलापाशी पाठमोरे. बारका भोंगा हातात. बारीक टोक कानात, तोंड बैलाच्या तोंडाकडं. बैल रवंथ करीत होता. ह्ये ऐकत होते. बैलाच्या गळ्यातली घुंगरं हलली तसे हसले, एकटेच. मग भोंगा चिमणीकडं वळविला. मग बाहेर, रहाट फिरतो तिकडं.

मी गोवऱ्या न घेताच मागं फिरले.

दुपारी दारातून, न वरडता, नेहमीच्या आवाजात म्हणलं, "जेवाय चला."

आले. हात धुतले. बसले. भाकर मोडता मोडता म्हणाले, "कोरड्यास काय केलंय?" त्यांनी पंच्याआड बारका भोंगा कानाशी नेला, मी भाकरीकडं बघत म्हणलं, हळूच, "शेपू." म्हणाले, "मीठ बघून घाल, मागल्या येळी जास्त झालतं."

मागल्या येळीबी मी सांगितलंच होतं, जास्त झालंय म्हून. तवा ऐकू आलं नव्हतं.

बारका भोंगा आता परत गोठ्यात खुंटीला हाय. मी बघितलं न्हाई असं मी धरलंय. सरूबाईला सांगितलं, हरवला. ती म्हणली, वीतभर भोंगा कसा हरवतो? म्हणलं, हरवतो बाई, म्हाताऱ्यांच्या घरात काय बी हरवतं.

पितळी आढ्याला टांगलेला. लगद्याचा ओट्यावर, चीर परत पडलीय, परत डिंक लावला. सकाळी ह्ये पितळीवरची धूळ पुसून गेले. मग लगद्याच्या चिरेवरून बोट फिरवून गेले. कशाला हो म्हणायचं, कशाला न्हाई, मला ठरवंना. चांदबी आली की तिलाच इचारते, बाईमाणसाला कळतं. सांडगे नवे घालून ठिवते. पाटल्यांकडं आज बघितलं न्हाई. एकदा बघितलं.

उस्मानभाई आन् चांदबी फाल्गुन शु. दुजेला, बुधवारी, येतो म्हणून गेलेत.