तिकडचा पाऊस थंडीत

३ जुलै
सिद्धार्थ बाहेरून जाळीला कुलूप लावून ऑफिसला गेला. सून संपदा बँकेत. जानेवारीत जिन्यात पडले, मांडीत सळी घातली, तेव्हापासून हेच. "आई, पुन्हा पडलीस तर?" — पडेन! कारेलीबागेतला तिसरा मजला, लिफ्ट नाही. सहा महिने जमिनीला पाय नाही. मुलगा प्रेमाने कोंडतो, म्हणून तक्रार करायचीही सोय नाही.

५ जुलै
रविवार. ईशानीचा फोन. सिद्धार्थची पोर, दोन वर्षं स्पेनमध्ये, समुद्रकाठच्या राखीव रानात पक्षी मोजते. हल्ली चेहरा दाखवत नाही, "नेट नाही गं." व्हिडिओ मात्र पाठवते.

आधी समुद्र. मग वाळूच्या टेकड्या, मग वाऱ्याने एका अंगाला वाकलेली पाइनची झाडं, मागे खारी तळी. वाळूवर पाय ठेवायचा नाही, फळ्यांच्या वाटेवरूनच चालायचं. गवत तुडवलं की टेकडी उडून जाते म्हणे. किनाऱ्यावर तपकिरी ढीग. मी म्हटलं, काय ही घाण! "घाण नाही आजी, समुद्रातलं गवत आहे. त्याच्यामुळे लाटांनी वाळू वाहून जात नाही. आम्ही उचलू देत नाही." आमच्या संपदाने तासाभरात उचलायला लावला असता.

सुरखाब दाखवले, ते लांब पायांचे गुलाबी पक्षी. ते तर कच्छातही आहेत, एवढं लांब कशाला? म्हणाली, "इथे कोणी विचारत नाही, लग्न कधी करतेस."

सिद्धार्थचं ठरलंय — काम संपलं की घर, घरी आली की लग्न. तरसालीचा मुलगाही बघून ठेवलाय.

१२ जुलै
नवा व्हिडिओ. "आज सकाळचा!" संपदा म्हणाली, किती हिरवंगार.

१३ जुलै
तोच व्हिडिओ चारदा बघितला. गवत पोटरीएवढं, पिवळी फुलं, तळी काठोकाठ. गेल्या वर्षी हिनेच शिकवलं — तिकडचा पाऊस थंडीत. उन्हाळ्यात रान करपतं, तळी आटतात, मिठागरात पांढरा थर धरतो. मग जुलैत हे कुठून आलं? चौथीपर्यंतच शिकले, पण डोळे शाबूत आहेत. पोरगी खोटं बोलतेय.

१९ जुलै
दोघं भाजीला गेले होते. ईशानीचा फोन आल्या आल्या विचारलं, "मीठ धरलं का गं?"
"हो, म्हणजे... धरतंय."
"मग तळं भरलेलं कसं?"
तेवढ्यात तिच्या मागून आरोळी — "भींडा... गवार!"
"स्पेनमध्ये गवार येते वाटतं दारावर?"
रडायलाच लागली. इथेच, याच शहरात, निजामपुऱ्यात आहे! एप्रिलपासून! काम संपलं, व्हिसा संपला. खोली घेऊन शिकवण्या करते. पुन्हा अर्ज केलाय, सप्टेंबरात कळेल. "तोवर बाबांना नको ना सांगूस. लग्नच लावतील."
रिक्षाने वीस मिनिटांवर, आणि मी सुरखाब बघत बसले! म्हटलं, आधी नाक पूस. पत्ता लिहून घेतला.

२० जुलै
सिद्धार्थने विचारलं, ईशानी काय म्हणते? म्हटलं, पक्षी मोजतेय. तोंडात घास होता, बरं झालं.

२६ जुलै
पुढच्या रविवारी पाचला तरसालीची माणसं बोलणी करायला येणार. मग सिद्धार्थ ईशानीचं परतीचं तिकीट काढणार.
"तिला विचारलंस?"
"काय विचारायचं, आई? तिच्या भल्याचंच करतोय."
कुलूप लावतानाही हेच म्हणतो मेला.

२ ऑगस्ट, निजामपुरा
रविवारी कुलूप नसतं. जेवून दोघं झोपले. जिना बसून उतरले, एकेक पायरी. कंबर मोडली. खाली चौकीदार ओरडला, "बा, क्यां चाल्यां?" म्हटलं, कुठे म्हणजे? स्पेन! रिक्षा त्यानेच आणली.

सिद्धार्थचा फोन तीनदा वाजला. मी ईशानीच्या खोलीत चहा पीत होते. चौथ्यांदा तिने फोन माझ्या हातातून घेतला.
"बाबा, आजी माझ्याकडे आहे."